शास्त्रज्ञाचं आयुष्य पडद्यापर्यंत पोचतं कसं?

ऐतिहासिक चित्रपट लागला की कोल्हापुरात वाद ठरलेला. पगडी त्या काळातली आहे का, अमुक सरदार त्या लढाईत होता का, हे संवाद कुठल्या बखरीतले? शाहूपुरीत व्हिनस कॉर्नरला चहा प्यायला थांबलात तरी दोन जाणकार भेटतात. शास्त्रज्ञावरचा चित्रपट मात्र आपण निमूट बघतो. फळाभर काहीतरी लिहिलेलं असतं, नायक विस्कटलेल्या केसांनी त्याकडे टक लावून बघत असतो, आणि आपण मान डोलावतो. विज्ञान आपल्याला कुठं कळतं, मग खरं-खोटं काय ठरवणार, असं वाटतं.

पण ते ठरवायला विज्ञान फारसं लागत नाही. माणसाचं आयुष्य आधी कागदावर, मग आठवणीत, मग पुस्तकात आणि शेवटी पडद्यावर कसं जातं, आणि दर वळणावर त्यातलं काय गळतं, एवढं माहीत असलं की पुष्कळ झालं. ते टप्पे आपण क्रमाने बघू. उदाहरणासाठी लांब जायला नको. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८चा. आणि आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्यावर त्यांची पहिली नेमणूक झाली ती कोल्हापुरात. त्या संशोधक नव्हेत, डॉक्टर. पण एका आयुष्यावर चरित्र, कादंबरी, नाटक, चित्रपट असे थर कसे चढत जातात हे त्यांच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

सुरुवात घटनेपासून. जून १९६४, लंडनची रॉयल सोसायटी. फ्रेड हॉइल हे त्या काळचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ, आणि नारळीकर त्यांचे तरुण सहकारी, सव्वीस वर्षंही पुरी न झालेले. दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला होता. कुठल्याही वस्तूचं वस्तुमान, म्हणजे तिच्यात किती द्रव्य आहे त्याचं माप, हे तिचं एकटीचं नसतं. विश्वातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंमुळे ते ठरतं, असा त्याचा गाभा. हॉइलनी व्याख्यान दिलं. प्रश्नांच्या वेळी एक संशोधक विद्यार्थी उठला आणि म्हणाला की विश्व प्रसरण पावत असेल, तर तुमच्या समीकरणातली एक बेरीज अनंताकडे जाते. हॉइलनी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, आकडेमोड करून पाहिली. विद्यार्थ्याचं नाव स्टीफन हॉकिंग, वय बावीस. हॉइल चांगलेच चिडले.

या घटनेचे कागद आहेत. हॉइल-नारळीकरांचा शोधनिबंध, म्हणजे संशोधन रीतसर मांडणारा लेख, १९६४चा. त्यावरचा हॉकिंग यांचा निबंध १९६५चा. हॉकिंग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचं पहिलंच प्रकरण याच सिद्धांताच्या अडचणींवर आहे. केंब्रिज विद्यापीठाने तो प्रबंध ऑक्टोबर २०१७मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा वाचणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळच बसलं.

हे कागद उघडलेत तर आपली थोडी निराशा होईल. त्यात ती दुपार नाही. कोण उभं राहिलं, कोण चिडलं, शेजारी कोण बसलं होतं, यातलं काहीच नाही. शोधनिबंधाची रीतच अशी की त्यातून माणूस काढून टाकायचा आणि युक्तिवाद तेवढा ठेवायचा. चाचपडणं, चुकलेल्या वाटा, सहकाऱ्याशी झालेली कुरबुर हे सगळं बाहेर राहतं. म्हणून शास्त्रज्ञाच्या आयुष्याची गोष्ट सांगायला नुसते कागद पुरत नाहीत, आणि म्हणूनच पुढचा टप्पा येतो.

तो आठवणींचा. त्या प्रसंगातल्या तिघांनीही पुढे आत्मकथनं लिहिली. हॉइल यांचं आलं १९९४ साली, नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ २०१२ साली, हॉकिंग यांचं २०१३ साली. वर्षांचं अंतर मोजा: तीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. इतक्या काळात आठवण जशीच्या तशी राहत नाही. दर वेळी सांगताना ती थोडी घासली जाते आणि गुळगुळीत होते.

या प्रसंगाचंही तसंच झालं. व्याख्यान ऐकता ऐकता हॉकिंगनी मनातल्या मनात ते अवघड गणित सोडवलं आणि तिथल्या तिथे चूक दाखवली, अशी आख्यायिका पसरली. तिला छेद दिला तो खुद्द हॉकिंग यांनीच. केंब्रिजला ते नारळीकरांच्या जवळच बसत असल्यामुळे ही आकडेमोड त्यांनी आधी पाहिलेली होती, हे त्यांनी आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. म्हणजे वीज वगैरे काही कडाडली नव्हती. शेजाऱ्याचं गणित बघून, घरचा अभ्यास करून माणूस सभेला आला होता.

मला हा खुलासा आख्यायिकेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. विज्ञान कसं चालतं ते त्यात दिसतं: खोल्या शेजारी असतात, कच्ची आकडेमोड एकमेकांना दाखवली जाते, आणि पुढे तीच उलटू शकते. शिवाय नारळीकर काढून टाकले तर हा प्रसंग उभाच राहत नाही. आख्यायिकेत मात्र ते कुठेच नाहीत. तिथे फक्त हॉइल आणि हॉकिंग आहेत. तसे हे दोघे तरुण एकमेकांना आधीपासून ओळखत होते. १९६१ साली एका उन्हाळी परिषदेत आपण हॉकिंगशी टेबल टेनिस खेळलो होतो, असं नारळीकर सांगत.

आत्मकथन वाचताना आपली गल्लत साधारण तीन ठिकाणी होते. पहिलं, लेखकाने आयुष्याला घातलेली चौकट आपण आयुष्यच समजतो. नारळीकरांची चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. जन्मगाव कोल्हापूर त्या चारांत नाही! आपल्याला जरा लागतं खरं, पण ते बरोबरच आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर, मूळचे कोल्हापूरचेच, बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि मुलाचं बालपण सगळं तिकडे गेलं. तरी आजोळ-घराचे धागे सुटत नाहीत. आई सुमतीबाई हुजूरबाजारांकडच्या. मामांपैकी वि. शं. हुजूरबाजार हे नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ. दुसरे मोरूमामा बनारसला शिकायला होते. घरात मुलांसाठी फळा लावलेला होता. त्यावर मोरूमामा एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे, ‘जयंतसाठी आव्हान’ अशा अर्थाचा मथळा देऊन. ते सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही. पुढे जो गणिती झाला तो असा रोजच्या झटापटीतून झाला. असे तपशील आत्मकथनाशिवाय कुठेही मिळत नाहीत, आणि पटकथेत सगळ्यात आधी कापले जातात तेही हेच, कारण त्यात कुणी कुणावर ओरडत नाही.

दुसरी गल्लत लेखणी कुणाच्या हातात होती याबद्दलची. शास्त्रज्ञ अब्दुल कलामांचं ‘विंग्ज ऑफ फायर’ १९९९ साली आलं ते अरुण तिवारींच्या साहाय्याने लिहिलेलं, आणि त्याचं मराठी ‘अग्निपंख’ बेळगावच्या माधुरी शानभाग यांनी केलं. म्हणजे आपल्या हातात येणारा ‘मी’ तीन माणसांच्या हातांतून आलेला असतो. यात लबाडी काही नाही. फक्त मुखपृष्ठ उलटून आत ‘सहलेखन’ किंवा ‘शब्दांकन’ लिहिलंय का ते बघावं. शब्दांकन म्हणजे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ते लिहून काढायचं. एखादं वाक्य फारच घोटीव वाटलं तर ते कुणाचं असेल, याचा अंदाज मग येतो.

तिसरी जागा जास्त नाजूक आहे. शास्त्रज्ञाच्या आठवणी नेहमी शास्त्रज्ञच लिहितो असं नाही. कधी त्याचं घर लिहितं. हॉकिंग यांच्या पहिल्या पत्नी जेन यांनी आपल्या संसाराची हकीकत एकदा १९९९ साली लिहिली, आणि तीच नव्याने बेतून २००७ साली पुन्हा प्रसिद्ध केली. ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’ हा २०१४चा चित्रपट त्या दुसऱ्या पुस्तकावर बेतलेला आहे. तेव्हा तो बघताना हॉकिंग यांची जीवनकथा म्हणून बघू नका, एका लग्नाची गोष्ट म्हणून बघा, आणि तीही एका बाजूने सांगितलेली. मग त्यात कृष्णविवरं इतकी कमी का, हा प्रश्नच उरत नाही.

आता दुसऱ्याने लिहिलेलं आयुष्य, म्हणजे चरित्र. इथे आनंदीबाई कामी येतात. जन्म ३१ मार्च १८६५. १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. तेच आजचं सीपीआर. शाहूपुरीतून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. पण परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही भरली नव्हती. नेमणूक कागदावरच राहिली.

त्यानंतरचे थर बघा. १८८८ साली, म्हणजे वर्षभरात, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. पुढे काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. मग १९६८ साली श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली, आणि आनंदीबाई घराघरांत पोचल्या. कादंबरीवर नाटक झालं. १९९७ साली अंजली कीर्तने यांनी कागदपत्रं धुंडाळून मोठं संशोधनपर चरित्र सिद्ध केलं. आणि २०१९ साली समीर विद्वांस यांचा चित्रपट आला.

चुकतं ते कादंबरीपाशी. चरित्रात्मक कादंबरी म्हणजे माणसं खरी, घटना बऱ्याचशा खऱ्या, पण बंद दाराआडचे संवाद आणि मनातले विचार लेखकाने रचलेले. जोशींनी ते इतक्या ताकदीने रचले की पुढच्या पिढ्यांना तेच पुरावा वाटू लागले. गोपाळराव, म्हणजे आनंदीबाईंचे पती, म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो तऱ्हेवाईक, हेकेखोर माणूस उभा राहतो, त्यातला कादंबरीचा वाटा किती आणि पत्रांचा किती, हे कीर्तने यांचं पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याला अशी शंका आली तर सोपी कसोटी आहे. तो प्रसंग घडला तेव्हा खोलीत कोण होतं, आणि त्यातल्या कुणी तो कुठे लिहून ठेवलाय का? दोन माणसं, बंद खोली, आणि दोघांनीही काही लिहिलेलं नाही, तर तो प्रसंग लेखकाचा.

त्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातलं आणखी एक नाव घ्यायला हवं. डॉ. कृष्णाबाई केळवकर. शाहू महाराजांच्या पाठबळावर त्या शिकल्या, डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या बायकांवर त्यांनी वर्षानुवर्षं उपचार केले. आनंदीबाईंना जे करायला मिळालं नाही ते सगळं यांनी केलं. त्यांच्यावर चित्रपट निघाल्याचं मात्र ऐकिवात नाही. याचा दोष कुणाला द्यायचा? अकाली मृत्यूत नाट्य असतं. रोज सकाळी वेळेवर वॉर्डात जाण्यात ते कुठून आणायचं, हे पटकथाकारांना अजून नीट जमलेलं नाही.

मराठीत शास्त्रज्ञाचं चरित्र म्हटलं की वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आठवतंच. १९८१ सालचं हे पुस्तक अजून शाळेच्या बक्षिसांत दिलं जातं. पुढे त्यांनी लीझ माइटनर आणि रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ स्त्रियांवरही लिहिलं. या दोघींना त्यांचं श्रेय हयातीत पुरतं मिळालं नव्हतं, म्हणून ती चरित्रं मला विशेष महत्त्वाची वाटतात.

पुस्तकावरून चित्रपट करायचा तर आधी हक्क विकत घ्यावे लागतात, आणि मग पटकथा, म्हणजे दृश्यादृश्यांत मांडलेली गोष्ट, लिहिली जाते. सगळ्यात जास्त गळती इथे होते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत साच्यातून काढलेल्या गणपतींचे चेहरे सारखे असतात. फरक असतो तो नंतरच्या हाताच्या कामात. शास्त्रज्ञांवरच्या चित्रपटांनाही साचा आहे: लहानपणी विचित्र, तरुणपणी एकलकोंडा, मग एका रात्री साक्षात्कार, मग व्यवस्थेचा विरोध, शेवटी भरल्या सभागृहात टाळ्या. नारळीकरांचं आयुष्य या साच्यात बसत नाही. शिकण्यात सदैव पुढे, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, सुखाचा संसार, १९७२ साली मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत, १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारायला सुरुवात. पटकथाकार विचारणार, यात अडचण कुठंय?

साच्यात बसवण्यासाठी ठरावीक युक्त्या वापरल्या जातात. त्या ओळखता आल्या की चित्रपट बघायला उलट जास्त मजा येते.

एक युक्ती म्हणजे पाच-सहा खऱ्या माणसांचं मिळून एक पात्र करायचं, किंवा नवीनच घडवायचं. ‘रॉकेट बॉईज’ या २०२२च्या मालिकेत होमी भाभा आणि विक्रम साराभाई खऱ्या नावांनी आहेत, पण भाभांशी वैर धरणारा रझा मेहदी हा शास्त्रज्ञ काल्पनिक आहे. त्याच्यात अनेकांना शास्त्रज्ञ मेघनाद साहा दिसले आणि साहांवर अन्याय झाला म्हणून टीकाही झाली. ज्यांना साहा माहीतच नाहीत त्यांना यातलं काही कळणार नाही, आणि पंचाईत तीच आहे.

दुसरी युक्ती वयाची. गणितज्ञ रामानुजनवरच्या ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’मध्ये पत्नी जानकी तरणीताठी बाई आहे, विरहाने झुरणारी. खरी जानकी लग्नात, १९०९ साली, दहा वर्षांची होती. प्रेमकथा हवी म्हणून एक अख्खी सामाजिक वस्तुस्थिती पुसली गेली.

तिसरी, आतलं बाहेर आणायचं. गणितज्ञ जॉन नॅश यांना स्किझोफ्रेनिया होता. त्यांना मुख्यतः आवाज ऐकू यायचे. ‘अ ब्यूटिफुल माइंड’मध्ये त्यांना चक्क माणसं दिसतात, कारण कॅमेऱ्याला आवाज दाखवता येत नाही. हा बदल मला क्षम्य वाटतो. आजाराची जात बदलली, पण त्यातली भीती पोचली.

चौथी सगळ्यात फसवी: खऱ्या घटनेत प्रसिद्ध माणूस घुसवायचा. अणुस्फोटाने सगळं वातावरणच पेट घेईल का, ही शंका अणुबॉम्ब घडवणारे ओपनहायमर यांनी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांच्याकडे नेली होती. ‘ओपनहायमर’ चित्रपटात ते आइनस्टाइनकडे जातात. कॉम्प्टनला नोबेल मिळालेलं असलं तरी प्रेक्षक त्याला ओळखत नाही. मात्र याच चित्रपटाची एक गोष्ट प्रामाणिक आहे. ओपनहायमरच्या नजरेतली दृश्यं रंगीत आहेत आणि त्याचा विरोधक स्ट्रॉस याच्या बाजूची कृष्णधवल. कुणाच्या डोळ्यांनी बघतोय हे दिग्दर्शक सांगून टाकतो. बाकीचे सांगत नाहीत. ते आपल्याला विचारावं लागतं.

तसं विचारून १९६४च्या त्या प्रसंगाकडे या. बीबीसीने २००४ साली ‘हॉकिंग’ नावाचा चित्रपट केला. बेनेडिक्ट कंबरबॅच त्यात तरुण हॉकिंग झाला आहे. रॉयल सोसायटीतला तो खटका त्यात आहे आणि नारळीकरांचं पात्रही आहे. पण गोष्ट हॉकिंगची, त्यामुळे सिद्धांताचा सहजनक बाजूला उभा राहतो. हे अन्यायाचं उदाहरण म्हणून सांगत नाही. उद्या कुणी ‘चार नगरांतले माझे विश्व’वर चित्रपट काढला तर त्यात हॉकिंग टेबल टेनिस खेळून निघून जाईल.

पुरावाच नसेल तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईचं. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, अशी कथा सांगितली जाते. तिच्यावर २०१५ साली ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला आणि पडद्यावर विमान उडालं. तळपदे हे खरे गृहस्थ. पण उड्डाणाला भक्कम असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच काढला होता. पण एकदा चित्र डोळ्यांत बसलं की निबंध कोण वाचतो?

याच्या अगदी उलट ‘एक डॉक्टर की मौत’. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ साली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर अडीच महिन्यांच्या आत, भारतात तसंच बाळ जन्माला घातलं. सरकारी समितीने त्यांचा दावा धुडकावला, त्यांची बदली झाली, आणि जून १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांनी १९९०च्या चित्रपटात जवळजवळ सगळं बदललं. डॉक्टरचं नाव वेगळं. संशोधन बाळाचं नाही, कुष्ठरोगावरच्या लशीचं. नायक मरतही नाही. तरीही वरिष्ठांची कुजबुज, फायलींचा छळ, घरातला ताण यांत तो चित्रपट खऱ्या हकीकतीच्या फार जवळ जातो. नावं खरी ठेवली की चित्रपट खरा होतो, हा समज तिथे मोडतो.

या गोष्टीचा उरलेला भाग मुंबईत घडला आणि तो चित्रपटात नाही, असणं शक्यही नव्हतं. १९८६ साली केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि देशातलं पहिलं म्हणून गाजलं. त्याच आनंद कुमारांनी नंतर मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचल्या आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिलं की पहिला मान त्यांचा आहे. आपल्या नावावरचा मान आपल्या हाताने काढून दुसऱ्याला दिला. यावर चित्रपट व्हायला हवा, असं मला फार वाटतं. पण त्यात एक माणूस टेबलाशी बसून जुन्या वह्या वाचतो, एवढंच दृश्य आहे.

पुढचा टप्पा सेटचा. वेश, घरं, उपकरणं यांत सहसा चूक होत नाही; त्या कामाला मुरलेली माणसं असतात. कोल्हापूरला हे सांगायला नको. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी इथे स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीचा जन्मही इथलाच. फळ्यावरच्या गणितासाठी सल्लागार नेमतात. ‘अ ब्यूटिफुल माइंड’साठी डेव्ह बेयर हे गणिताचे प्राध्यापक होते, आणि लिहिताना दिसणारे हात बऱ्याचदा त्यांचेच. रामानुजनच्या चित्रपटासाठी केन ओनो आणि मंजुल भार्गव यांचा सल्ला घेतला गेला. पण सल्लागाराची सत्ता फळ्यापुरती. समीकरण चुकलं तर तो पुसायला लावेल. पटकथा चुकली तर त्याला कुणी विचारत नाही. तेव्हा फळा बिनचूक आहे म्हणून गोष्टही बिनचूक, असं धरून चालू नका.

काही तयारी करायची असेल तर क्रम असा ठेवा: आधी चित्रपट, मग पुस्तक. आधी पुस्तक वाचलं तर चित्रपटभर नुसत्या चुका मोजल्या जातात आणि पैसे वाया जातात. चित्रपट बघून झाला की मनात अडकलेला एकच प्रसंग निवडा आणि तेवढाच पुस्तकात शोधा. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून आहे, मराठी चरित्रं तिथे चाळता येतील. नेमका तो प्रसंग पुस्तकात नसेल तर तोही शोधच म्हणायचा.

आणि पडद्यावरच्या पाट्या सोडू नका. सुरुवातीला येणाऱ्या ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ यांत बराच फरक असतो. दुसऱ्यात वाटेल तेवढी मोकळीक घेतलेली असू शकते. त्यालाच लागून येणारी ‘पात्रं व प्रसंग काल्पनिक’ ही पाटी वकिलाने लिहिलेली असते आणि इतक्या झटकन जाते की थांबवूनच वाचावी लागते. शेवटी कुणाचं पुढे काय झालं त्याच्या ओळी येतात. त्या बहुधा तपासून घेतलेल्या असतात, आणि चित्रपटात गाळलेली माणसं कधीकधी तिथेच पहिल्यांदा भेटतात. त्यानंतरच्या श्रेयनामावलीत मूळ पुस्तकाचं नाव आणि सल्लागार सापडतात. थिएटरात तोवर दिवे लागून लोक पार्किंगकडे धावलेले असतात. घरी बघत असाल तर ॲप आपणहून दुसऱ्याच कार्यक्रमावर उडी मारतं. कोपऱ्यात छोट्या चौकोनात नामावली चालू असते, त्यावर बोट ठेवलं की ती पुन्हा पडदाभर होते.